रुमालाखाली

यार्डात आता हळदीचे सौदे उघड्यावर होतात.
फळ्यावर आकडा, मोबाइलवर आकडा,
दोन हातांवर कापड टाकायची गरज उरली नाही.
ह्यांनी तो रुमाल घडी करून
कपाटात ठेवला, माझ्या शालूखाली,
आणि गेली सहा वर्षं
आमच्या घरात त्याच्याइतकं गप्प कुणी नाही.

म्हणजे बोलतो आम्ही.
गॅस सांगितला का. सांगितला.
लाइटबिल. भरलं.
शीतलचा फोन? येऊन गेला, तुम्ही यार्डात होता.
दुपारभर मी साड्यांना फॉल लावते,
गावभागातल्या किती नवऱ्या मुली
माझ्या टाक्यांवरून सासरी चालत गेल्या.
भांडण नाही. व्यसन नाही. तक्रार करावी असं काही नाही,
आणि हेच कुणाला सांगता येत नाही.

एका गुरुवारी लाइट गेली.
मेणबत्तीसाठी कपाट चाचपताना
रुमाल हाताला लागला.
वासावरून ओळखला.
धुऊन धुऊन विरला होता,
हळद काही सुटली नव्हती.

म्हटलं, शिकवा की मला.
"काय?"
बोटांची भाषा.
हसले. "आता काय करायची ती?
म्हातारपणी दलाली करणार हायस व्हय?"
पण उठून बसले.

रुमाल दोघांच्या मनगटांवर पडला.
"हे एक." माझी तर्जनी धरली.
"दोन धरली की दोन. सगळा पंजा म्हणजे पाच.
शंभर का हजार, ते तोंडाकडं बघून कळतं."
अंधारात तोंड कुठं दिसतंय?
"मग अंदाजानं घे."

तीस वर्षं ह्या हातानं परक्यांची बोटं धरली,
निजामाबादच्या, इरोडच्या, कुठल्या कुठल्या व्यापाऱ्यांची,
ओठ न हलवता भाव चढवले, पाडले.
मला ठाऊक नव्हतं
ह्यांचा अंगठा एवढा बोलका आहे.
सुईनं टणक झालेल्या माझ्या बोटाशी तो थांबला.
"हे कधी झालं?"
झाली वीस वर्षं, म्हटलं. बोली लावा.

मग काय, कशाचेही सौदे.
नासलेल्या दुधाचे.
शीतलच्या लग्नात हरवलेल्या एका चपलेचे.
हरिपूरच्या संगमावर, लग्नाच्या नवलाईत,
उभ्या उभ्या संपवलेल्या भडंगाच्या पुडीचे.
मी दोन बोटं धरली.
ह्यांनी अख्खा पंजा धरला आणि सोडलाच नाही.
एवढं महाग?
"माल जुना हाय."

मी जरा सरकले, तर म्हणाले,
"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, त्रिशला.
आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची.
मग कंदील सोडून बघायचा.
ज्योत टिकली तरच पाय टाकायचा."
पेवाचं मला माहीत होतं.
नाव ऐकून मात्र दचकले.
एरवी मी नुसती "अगं" असते.

लाइट आली. पंखा फिरायला लागला.
चोरी पकडल्यासारखे दोघं बाजूला झालो,
हे रुमालाची घडी घालत बसले,
किती वेळ, एवढ्याशा रुमालाची.

रोज नाही होत. खोटं कशाला सांगू.
कधी ह्यांची कंबर धरते,
लग्नसराईत माझ्या चाळीस-चाळीस साड्या पडून असतात,
एका गुरुवारी आमटी खारट झाली
आणि त्यावरून थेट माझ्या माहेरापर्यंत गेलो.
त्या रात्री मीच रुमाल उतरवला
आणि चिडून, न बोलता, ह्यांचं एकच बोट धरलं.
"पडेल भाव," म्हणाले, "पण सौदा मोडत नाही."

आता तो शालूखाली नसतो.
दाराआडच्या खुंटीवर असतो, छत्रीशेजारी.

काल पाटलांची सून पैठणी घेऊन बसली होती,
फॉल कसा हवा ते सांगत.
ह्यांनी चहा आणला, स्वतः केलेला, साखर विसरून,
आणि बशी देताना
तिच्या देखत, बशीखाली,
माझी तीन बोटं दाबली.

शंभर का हजार?
मी तोंडाकडं बघितलं.